सायकलच्या डायनॅमोत लाईट येते कुठून?

प्रश्न : आजोबांची जुनी सायकल काढलीय, मागच्या टायरला बाटलीसारखा डायनॅमो आहे. सेल नाही, बॅटरी नाही, मग दिवा लागतो कसा? आणि डायनॅमो टेकवला की सायकल जड का होते? – एक वाचक, सातारा

उत्तर : लाईट तुमच्या पायातूनच येते हो! वरची खाचांची चकती टायरला घासून फिरते, तिच्या दांड्यावर आत लोहचुंबक असतं, भोवती तांब्याच्या तारेचं कॉइल, चुंबक गरगर फिरलं की कॉइलमधलं चुंबकीय क्षेत्र सारखं उलटसुलट होतं आणि तारेत करंट येतो, हे इंग्लिश शास्त्रज्ञ मायकेल फॅरेडेने १८३१ मध्येच दाखवून दिलं होतं. आता फुकट काही मिळत नाही, हा करंट चुंबकाच्या फिरण्याला उलटा विरोध करतो, शिवाय टायरवरचं घर्षण, म्हणून पेडल जड लागतं.

साधारण ६ व्होल्ट, ३ वॉटचा हिशोब असतो, पुढच्या बल्बला २.४ आणि मागच्याला ०.६ वॉट, त्यामुळे पुढचा उडाला की सगळा जोर मागच्या बिचाऱ्यावर येतो आणि बऱ्याचदा तोही जातो. थांबलात की अर्थातच अंधार.

एवढं करून दिवा लागलाच नाही तर आधी वायर बघा. बहुतेक डायनॅमोला एकच वायर असते, परतीचा करंट सायकलच्या फ्रेममधून येतो, आणि डायनॅमो फ्रेमला धरणाऱ्या क्लॅम्पखाली गंज किंवा रंगाचा थर असला की सर्किट तुटतं. तिथे जरा पॉलिश पेपर मारा.