सरकार एकदा वाढलं की पुन्हा घटनेच्या मर्यादेत येतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : अमेरिकेसारख्या देशात सरकारने गेल्या शंभर वर्षांत घटनेने आखलेली वेस ओलांडली. आता तो देश पुन्हा मर्यादित सरकाराकडे परत येऊ शकतो का, की त्यासाठी आधी सगळं कोसळावंच लागतं? शेवटी तुम्ही हेही लिहिलंय की भारतात हा प्रश्नच कुणाला पडत नाही. मी सुरुवात तिथूनच करतो, कारण आपल्याकडे हे एकदा घडून गेलंय.

मी वर्धा जिल्ह्यात तालुक्याच्या कोर्टात वकिली करतो. घरची शेती कोरडवाहू, पराटी म्हणजे कपाशी आणि तूर. सरकार किती मोठं आहे हे मला दोन्हीकडून दिसतं, कोर्टात कागदावर आणि वावरात भावात.

माझं मत सांगतो. परत येता येतं आणि त्यासाठी देश कोसळावा लागत नाही. पण अख्खा देश एका झटक्यात परत येत नाही, एकेक कलम परत येतं. ज्या कलमाचा चटका बहुसंख्य मतदारांना बसला ते येतं. ज्याचा चटका दुसऱ्या कुणाला बसतो किंवा ज्यातून आपल्याला चार पैसे सुटतात, ते जिथल्या तिथे राहतं.

२५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणीच्या घोषणेवर राष्ट्रपतींची सही झाली आणि मंत्रिमंडळाला ते दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. पुढच्या वर्षी ४२ वी घटनादुरुस्ती आली. लोकसभेची मुदत सहा वर्षं झाली आणि घटनादुरुस्तीला कोर्टात आव्हानच देता येणार नाही असं लिहून टाकलं. त्याआधी एप्रिल १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं की आणीबाणी चालू असताना बेकायदा स्थानबद्ध केलेल्या माणसालाही सुटकेसाठी उच्च न्यायालयात जाता येणार नाही. चार न्यायमूर्ती एकीकडे आणि न्या. हंसराज खन्ना एकटे दुसरीकडे. ज्या उच्च न्यायालयांचे निकाल त्या दिवशी उलटवले गेले, त्यांत आमचं नागपूर खंडपीठही होतं. आमच्याकडे त्या काळाची आठवण निघाली की लोक पवनारच्या विनोबांनी आणीबाणीला उद्देशून म्हटलेलं 'अनुशासन पर्व' तेवढं काढतात, नागपूर खंडपीठाचं नाव कुणी घेत नाही. मला ते खटकतं.

१९७७ ची निवडणूक झाली आणि १९७८ मध्ये ४४ वी घटनादुरुस्ती. 'अंतर्गत अशांतता' हे आणीबाणीचं कारण काढून त्या जागी 'सशस्त्र उठाव' आला. मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी हवा. महिन्याच्या आत दोन्ही सभागृहांची विशेष बहुमताने मंजुरी हवी आणि पुढे दर सहा महिन्यांनी तीच पुन्हा. जगण्याचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क देणारं कलम २१ आता आणीबाणीतही निलंबित करता येत नाही. लोकसभा पुन्हा पाच वर्षांची झाली. मर्यादित सरकाराकडे परत येणं म्हणतात ते हेच, आणि त्यासाठी रक्तपात करावा लागला नाही.

यात दोन गोष्टी लक्षात घ्या. त्या वेळी राज्यसभेत काँग्रेसचं बहुमत होतं, म्हणजे ज्यांनी वेस मोडली त्यांच्याच मतांनी ती पुन्हा बांधली गेली. विधेयकातली काही कलमं त्यांनी गाळायला लावली, बाकीची होऊ दिली. तुम्ही 'दुसरा पक्ष नेस्तनाबूत झाल्याशिवाय काही होत नाही' असं लिहिलंय, त्याला हे उत्तर आहे. दुसरी गोष्ट आम्हा वैदर्भीयांना थोडी अवघड जाते. हा बदल ज्या मतांनी घडवला ती उत्तर प्रदेश-बिहारची होती. आम्ही १९७७ ला विदर्भातल्या बहुतेक जागा काँग्रेसकडेच ठेवल्या आणि पुढच्या वर्षी विधानसभेला इंदिरा काँग्रेसला महाराष्ट्रात सगळ्यात मोठी साथ आमचीच. नसबंदीचा धाक जिथे घरोघरी पोचला होता तिथे लोकांना घटना आठवली.

अमेरिकेचं म्हणाल तर तिथला माझा आवडता खटला एका कास्तकाराचा आहे. ओहायो राज्यातल्या रॉस्को फिलबर्नला सरकारने ११.१ एकर गहू पेरायची परवानगी दिली होती, त्याने २३ एकर पेरला. जादा निघालेल्या २३९ बुशेल गव्हावर ११७ डॉलर दंड. तो म्हणाला, हा गहू मी बाजारात नेणार नाही, माझीच जनावरं खातील, माझ्याच घरात दळला जाईल. घटनेने केंद्राला अधिकार दिलाय राज्याराज्यांमधल्या व्यापारापुरता, माझ्या कणगीचा त्यात काय संबंध? १९४२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं की तू घरचा गहू खाल्लास म्हणजे बाजारातला घेतला नाहीस, म्हणून व्यापारावर परिणाम झाला. हा तर्क एकदा मान्य केला की केंद्राच्या हाताबाहेर काय उरतं ते तुम्हीच सांगा.

दारूचं उदाहरण याहून बोलकं आहे, आणि वर्धा हा दारूबंदीचा जिल्हा असल्यामुळे मला ते जास्तच भिडतं. १९१९ मध्ये अमेरिकेला देशभर दारूबंदी करायची होती, तेव्हा केंद्राला तसा अधिकारच नाही हे सगळ्यांना मान्य होतं. म्हणून आधी घटना दुरुस्त केली. १९३३ मध्ये बंदी उठवायलाही घटनादुरुस्तीच केली. १९७० मध्ये गांजासह अमली पदार्थांवर देशभर कायदा केला तेव्हा घटनादुरुस्तीचा विचारही कुणाच्या मनात आला नाही. २००५ मध्ये घरात औषधापुरता गांजा लावणाऱ्यांचा खटला आला आणि न्यायालयाने त्याच फिलबर्नचा आधार घेतला. घटनेचा तो मजकूर तोच होता, पण त्याची वेस मात्र मागच्या मागे सरकत गेली होती.

तरी तिथेही उलट पावलं पडलीत. बेदाणे पिकवणाऱ्यांना मालातला हिस्सा सरकारजमा करावा लागायचा, एका हंगामात तर ४७ टक्के. २०१५ मध्ये न्यायालयाने ते भरपाईविना घेणं घटनाबाह्य ठरवलं. म्हणजे फिलबर्ननंतर ७३ वर्षांनी, आणि तेही बेदाण्यांपुरतं. फिलबर्नचा निकाल आजही उभाच आहे.

आता कापसाकडे येतो, कारण तुमच्या प्रश्नाचा अवघड भाग मला तिथे दिसतो.

महाराष्ट्राने १९७१ मध्ये कायदा केला आणि १९७२ पासून कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली. कास्तकाराने कापूस विकायचा तो सरकारलाच. संकलन केंद्रावर ग्रेडर बोट लावून प्रत ठरवणार, चुकारा हप्त्याहप्त्याने येणार. पलीकडे भाव चांगला असला की कापूस रात्री पैनगंगा ओलांडून आदिलाबादेत किंवा वर मध्य प्रदेशात जायचा, आणि आपल्याच वावरातला कापूस नेणारा माणूस कायद्याने तस्कर ठरायचा. फिलबर्नचा गहू आणि आमचा कापूस यांत मला फार फरक दिसत नाही. हे घटनेत बसलं कसं, तर १९५१ च्या पहिल्याच घटनादुरुस्तीने कलम १९(६) मध्ये सोय करून ठेवली होती की सरकार नागरिकांना वगळून एखादा व्यापार स्वतःकडे घेऊ शकतं. घटना लागू होऊन दीड वर्षही झालं नव्हतं.

शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने बंधनमुक्त बाजाराची मागणी लावून धरली आणि विदर्भातून तिला साथही मोठी मिळाली. पण माझं वाचन असं की एकाधिकार गेला तो तत्त्वाने गेला नाही. तोटा साठत गेला, सरकारला तो झेपेना, आणि २००२ च्या सुमारास खासगी व्यापाऱ्यांना दार उघडलं. कलम १९(६) मधली ती सोय घटनेत तशीच आहे, फक्त कापसापुरती कुणी वापरत नाही.

मग आम्ही मोकळे झालो, तर पुढे काय झालं? खासगी भाव हमीभावाच्या खाली गेला की सीसीआयचं, म्हणजे केंद्राच्या कापूस महामंडळाचं, केंद्र उघडा म्हणून तहसीलवर मोर्चा निघतो, आणि मी त्यात असतो. केंद्र उघडलं की ॲपवर नोंदणी, सातबाऱ्यावरचा पेरा, ओलावा १२ टक्क्यांवर गेला की गाडी परत, सगळं निमूट करतो. बाहेरचा माणूस म्हणेल, तुम्हाला मर्यादित सरकार हवं की नको ते एकदा ठरवा. मी याला दुटप्पीपणा म्हणणार नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये, आमच्या बोंडात सरकी धरत असताना, केंद्राने कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क उठवलं आणि मग ती सवलत वर्षअखेरपर्यंत वाढवली. एक हात भाव पाडतो म्हणून दुसऱ्या हाताने खरेदी करावी लागते. खरेदीचा हात काढून घ्या म्हणायला माझी ना नाही, पण आधी पहिला हात काढा. नेहमी होतं उलटं. सरकार मर्यादित करायची वेळ आली की आधी छाटला जातो तो गरिबाला पोचणारा हात, कारण बातमीत तोच दिसतो. अमेरिकेतले मर्यादित सरकारवाले याबद्दल फारसं बोलत नाहीत आणि मला त्यांचं तिथेच पटत नाही.

कायदा बदलला म्हणजे सत्ता परत आली असंही समजू नका. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाचं उदाहरण घ्या. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबू हे गौण वनोपज ठरवलं, म्हणजे मालकी ग्रामसभेची. २००९ मध्ये गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू विकायचा तर वाहतूक परवाना वन विभागाचा, आणि तो मिळेना. एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले तेव्हा परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडलं. संसदेने दिलेली गोष्ट गावात पोचायला चार वर्षांहून जास्त काळ आणि एक केंद्रीय मंत्री लागला.

याच्या उलटही आहे. ७३ व्या घटनादुरुस्तीने जिल्हा परिषदेची मुदत पाच वर्षं आणि ती संपण्याआधी निवडणूक, असं घटनेतच लिहिलंय. आमच्या जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकाने कारभार केला. आरक्षणाचा वाद कोर्टात होता हे खरं. पण सही घ्यायला लोक सदस्याऐवजी साहेबाकडे जाऊ लागले आणि त्याची सवयही झाली. कुठे दंगा झाला नाही. लोक रागावले नाहीत तर वेस अशीही सरकते.

तुमचा शेवटचा उपप्रश्न : घटना नव्याने लिहावी लागेल का? जर्मनीने १९४९ मध्ये लिहिली, पण देश बेचिराख झाल्यावर. ब्रिटनने १९३९ मध्ये युद्धासाठी आणलेली ओळखपत्रं १९५२ मध्ये रद्द केली, तेव्हा काहीच कोसळलं नव्हतं. एका माणसाने पोलिसाला कार्ड दाखवायला नकार दिला. कोर्टाने त्याला दोषी धरलं, पण युद्धाचा कायदा शांततेत असा वापरल्याबद्दल सरकारलाही सुनावलं.

आपल्याकडे तर लिहायचीही गरज नाही, लिहिलेलंच लागू करायचं बाकी आहे. ४४ व्या दुरुस्तीतलं कलम ३ प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेबद्दल आहे. खटला न चालवता माणसाला सल्लागार मंडळाच्या मताशिवाय आत ठेवायची मुदत त्याने तीन महिन्यांवरून दोनवर आणली, आणि मंडळावर फक्त आजी-माजी उच्च न्यायालय न्यायमूर्तीच असावेत असं ठरवलं. माझ्या कामात हे रोजचं आहे. महाराष्ट्राच्या १९८१ च्या कायद्याखाली, ज्याला सगळे एमपीडीए म्हणतात, हातभट्टीवाला किंवा रेतीवाला वर्षभर आत जाऊ शकतो. घरची बाई येऊन विचारते, 'वकीलसाहेब, तारीख कधी हाय?' तारीख नसतेच, कारण खटलाच नसतो. नागपूरला याचिका टाका एवढंच मी सांगू शकतो. गावात विचाराल तर लोक म्हणतील, बरं झालं, दारूवाला गेला. चटका त्याला बसलाय, त्यांना नाही.

ते कलम ३ संसदेने १९७८ मध्ये मंजूर केलं. १९८१ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे विषय गेला, तेव्हा ते लागू करा असा आदेश आम्ही सरकारला देऊ शकत नाही, असं न्यायालयाने सांगितलं. त्याला नवी घटनादुरुस्ती लागत नाही, दोन तृतीयांश बहुमतही लागत नाही. केंद्र सरकारने राजपत्रात एक तारीख छापायची आहे. आणीबाणीत तुरुंगात गेलेल्यांची सरकारंही मधल्या काळात येऊन गेली, ती तारीख अजून छापली गेलेली नाही.