सायलेन्सर मोकळा केला की गाडी पळते का? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

पाऊस उघडला की कासकडे जाणाऱ्या गाड्या वाढतात आणि माझ्याकडे येणारे सायलेन्सरचे प्रश्नही. बहुतेकांनी कुठलातरी व्हिडिओ पाहिलेला असतो, नाहीतर नाक्यावर ऐकलेलं असतं. सातारा-सांगलीकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न आज एकत्र घेतो.

१०० सीसीच्या गाडीच्या सायलेन्सरला ड्रिलने दोन-तीन भोकं पाडली तर पिकअप वाढेल का? (कोरेगाव)

नाही. आवाज वाढेल.

कुणी म्हणतं इंजिनला बॅक प्रेशर लागतंच, कुणी म्हणतं पाइप जितका मोकळा तितकी ताकद. खरं काय? (तासगाव)

दोन्ही अर्धवट. मागे अडलेला दाब कुठल्याच फोर-स्ट्रोक इंजिनला नको असतो. त्याला लागतो बाहेर जाणाऱ्या वायूचा वेग. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडला की जळलेल्या वायूचा लोंढा बेंड पाइपमधून (इंजिनापासून सायलेन्सरपर्यंतचा वाकडा पाइप) सुटतो आणि त्याच्यामागे क्षणभर दाब कमी होतो. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पुरता मिटायच्या आत इनटेक व्हॉल्व्ह उघडू लागलेला असतो. त्या कमी दाबाने सिलिंडरमधला उरलासुरला धूर ओढला जातो आणि ताजं मिश्रण आत यायला मदत होते. पाइपचा व्यास आणि लांबी या हिशेबाने ठरवलेली असते. उगाच रुंद पाइप बसवलात की वेग मंदावतो आणि कमी आरपीएमला गाडी ओढत नाही. डबलसीट यवतेश्वर घाट चढताना नेमकी तीच ओढ लागते.

आणि हो, कास सुमारे १२०० मीटर उंचीवर आहे. तिथे हवा विरळ असते, त्यामुळे गाडी थोडी मंद वाटणारच. त्यासाठी सायलेन्सर कापू नका.

माझी १५० सीसीची बीएस-६ गाडी आहे. पिकअप कमी झालाय. मेकॅनिक म्हणतो कॅटकॉन चोक झालाय, काढून रिकामा पाइप वेल्ड करून देतो, मजुरीही घेणार नाही. करू का? (कराड)

मजुरी का घेणार नाही, हा प्रश्न आधी विचारा. कॅटकॉन म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, धुरातले घातक वायू निरुपद्रवी करणारा भाग. त्याच्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या धातूंचा थर असतो आणि भंगाराच्या बाजारात त्याला चांगली किंमत येते. काढलेला तुकडा तुमच्या हातात देणार का, एवढं विचारून पाहा.

आता मुद्द्याचं. कॅटकॉन सहसा आपणहून चोक होत नाही, त्याला कुणीतरी चोक करतं. पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्ह सील गेले की ऑइल जळतं आणि त्याची राख जाळीवर बसते. प्लग मिसिंग करत असेल, म्हणजे ठिणगी चुकवत असेल, तर न जळलेलं पेट्रोल जाळीत जाऊन पेटतं आणि जाळी वितळते. म्हणजे दुखणं इंजिनात आहे आणि तुम्ही कापताय पाइप. सकाळी गाडी सुरू केल्यावर निळसर धूर येतो का पाहा. प्लग काढून बघा: टोकाला ओलसर काळा थर असेल तर ऑइल, कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त. कॅटकॉन खरंच तुंबलाय का, हे मोजताही येतं. ऑक्सिजन सेन्सर कॅटकॉनच्या आधी असेल, तर तो काढून त्याच्या आट्यांत प्रेशर गेज बसवायचा आणि आरपीएम वाढवत दाब चढतो का ते पाहायचं. हे न करता ‘चोक झालाय’ म्हणणारा अंदाजाने बोलतोय.

मला खरी काळजी पुढची आहे. पेट्रोलच्या एका भागाला वजनाने साधारण १४.७ भाग हवा, हे प्रमाण धरून ईसीयू, म्हणजे पेट्रोल किती सोडायचं ते ठरवणारा गाडीतला कॉम्प्युटर, चालतो. संथ चालीत ऑक्सिजन सेन्सर त्याला चूक दाखवत राहतो आणि तो सुधारतो. पण थ्रॉटल पूर्ण पिळलात की बहुतेक गाड्यांत ईसीयू सेन्सरचं ऐकणं थांबवून आधी भरलेल्या आकड्यांवर पेट्रोल सोडतो. ते आकडे कंपनीच्या पाइपसाठी आहेत. पाइप मोकळा झाला, हवा जास्त खेचली गेली, पेट्रोल मात्र तेवढंच. मिश्रण लीन झालं की इंजिन तापतं आणि कालांतराने एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो. सुरुवातीचे काही दिवस गाडी मोकळी वाटते, मालक खूश असतो. मग कॉम्प्रेशन उतरतं आणि हेड खोलायची वेळ येते, तोवर पाइप कापल्याचं कुणाच्या लक्षातही नसतं.

शिवाय कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं पेट्रोल आणि नायट्रोजनची ऑक्साइडं निरुपद्रवी करणारी व्यवस्थाच गेली. पीयूसीला गाडी अडकेल ती वेगळीच. आधी कॉम्प्रेशन तपासून घ्या, तेही दुसऱ्या मेकॅनिककडून.

दुकानदार म्हणतो हा सायलेन्सर ‘आरटीओ ॲप्रूव्ह्ड’ आहे. घेऊ का? (सातारा)

नका घेऊ. आरटीओ दुकानातल्या सायलेन्सरवर मंजुरीचे शिक्के मारत नसतं. मान्यता अख्ख्या मॉडेलला मिळते, तीही पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेतल्या चाचणीनंतर. त्या चाचणीत दुचाकीची आवाजाची मर्यादा ८० सीसीपर्यंत ७५ डेसिबल, १७५ सीसीपर्यंत ७७ आणि त्यापुढे ८० आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ रचनेत फेरफार करू देत नाही. कलम १९०(२) खाली आवाज-धुराच्या उल्लंघनाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. पकडले गेलात की दुकानदार सोबत येणार नाही. शंका असेल तर आरटीओ कार्यालयात जाऊन विचारा.

आरएक्स १०० चा बफल काढून टाकला तर? (मिरज)

बफल म्हणजे सायलेन्सरच्या आतली आवाज कमी करणारी नळी. ती काढा, साफ करा, परत बसवा. टू-स्ट्रोकमध्ये सायलेन्सर इंजिनाचाच भाग असतो. एक्झॉस्ट पोर्टातून निसटू पाहणारं ताजं मिश्रण पाइपमधून परत येणारी दाबाची लाट आत ढकलते. पाइपचा आकार बिघडवलात की ती लाट चुकीच्या वेळी येते आणि पेट्रोल बाहेर जातं. कार्बन काढायला कॉस्टिक सोडा वापरणार असाल तर ॲल्युमिनियमला लागू देऊ नका. डोळ्यांना चष्मा, हातात मोजे हवेतच. सवय नसेल तर जुन्या टू-स्ट्रोक मिस्त्रीकडून करून घ्या.

गाडी पुराच्या पाण्यात बुडाली होती. आता आठवडा झाला. सायलेन्सरमधलं पाणी ओतून किक मारू का? (सांगली)

किक नको, सेल्फ तर मुळीच नको. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. ऑइल दुधाळ दिसलं म्हणजे पाणी आत गेलंय. आठवडा का थांबलात? २०१९ च्या पुरानंतर नुसत्या उभ्या राहून बेअरिंगं गंजलेल्या गाड्या पुष्कळ पाहिल्या. आजच ढकलत गॅरेजला न्या.

बेंड पाइपला हीट रॅप गुंडाळू का? (वाई)

नको. हीट रॅप म्हणजे उष्णता अडवणारी पट्टी. तुमच्याकडच्या पावसात ती पाणी धरून ठेवते आणि पाइप गंजतो.

मग घरी काहीच करू नये का? (विटा)

करा ना. एअर फिल्टर साफ करा किंवा बदला. चेनचा ताण बघा. इंजिन गार असताना बेंड पाइप जिथे हेडला मिळतो तिथे टॉर्च मारून पाहा. काळी काजळी उडालेली दिसली तर गॅस्केट गळतंय. थ्रॉटल सोडल्यावर होणारी फटफट बऱ्याचदा तिथूनच येते. नवं गॅस्केट स्वस्तात मिळतं आणि हरवलेला पिकअप कधीकधी तेवढ्यानेच परत येतो. बेंड पाइपचे दोन्ही नट आळीपाळीने, थोडे थोडे आवळा. तपासायला गाडी सुरू कराल तेव्हा अंगणात करा, शटर लावलेल्या खोलीत नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

नट गंजून घट्ट बसला असेल तर मात्र जोर लावू नका. गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर ठेवा, तरीही हलला नाही तर पाना खाली ठेवा आणि गाडी मेकॅनिककडे न्या. स्टड, म्हणजे नट ज्यावर बसतो तो आट्यांचा दांडा, हेडमध्ये तुटला तर तो काढायला टर्नरच लागतो.