केशरी फुलाची पाटी

प्रश्न : लेकाकडे सॅन होजेला आले आहे. सॅन फ्रान्सिस्कोला जाताना २८० क्रमांकाच्या हायवेवर केशरी फुलाची पाटी दिसली. ती कसली? (एक आजी, मूळ नाशिक)

उत्तर : आजी, ते फूल पॉपीचं, कॅलिफोर्नियाचं राज्यफूल. हा रस्ता 'निसर्गरम्य मार्ग' म्हणून सरकारदरबारी नोंदलाय, असा पाटीचा अर्थ. योजना १९६३ची. पण कायद्यातल्या यादीत नाव आलं की रस्ता नुसता पात्र ठरतो, पाटी लागत नाही. आधी काउंटीने, म्हणजे आपला जिल्हाच म्हणा, रस्त्यावरून दिसणारा देखावा राखायची हमी द्यावी लागते. जाहिरातींचे फलक नकोत, बांधकामाला आणि डोंगर पोखरायला लगाम हवा. मग कॅलट्रान्स हे रस्तेखातं शिक्कामोर्तब करतं. म्हणून वाटेतल्या सॅन मटेओ काउंटीत २८०ला तो मान आहे. तुमच्याकडे, सॅन होजेच्या सांता क्लारा काउंटीत मात्र तोच रस्ता नुसता पात्र! देखावा राखला नाही तर मान काढूनही घेतात.

मी रोज याच वाटेने कामाला जातो. सकाळी क्रिस्टल स्प्रिंग्स तलावापाशी डोंगरावरून धुकं उतू गेलेल्या दुधासारखं खाली येतं. गाडी चालवताना बघायचं नाही, असं बायको बजावते.

लेकाला बिग सरला, म्हणजे दक्षिणेकडच्या डोंगराळ समुद्रकिनाऱ्यावर, न्यायला सांगा. तिथे दरडी कोसळतात, रस्ता चालू आहे ना ते बघून निघा. चहाचा थर्मास घ्या. तिथल्या बिक्सबी पुलाजवळ टपरी नाही.