आधी गाडी काट्यावर घाला

प्रश्न : मी निवृत्त प्राध्यापक, वय ६३, जुळे सोलापुरात राहतो. तीन वर्षांपूर्वी ११ लाखांना जुनी ट्रॅव्हलर (मिनीबस) घेतली. आधीच्या मालकाने तिचं मोटरहोम करून घेतलं होतं. मी आणि सौ. वर्षाकाठी चाळीसेक रात्री तिच्यात काढतो, त्यातल्या सहा-सात एप्रिल-मेमधल्या. आता गाडी मागून बसली आहे, दोन्ही बॅटऱ्या रात्री अकरालाच मान टाकतात आणि एसी नावाला उरला आहे. एका वर्कशॉपचं कोटेशन असं : एअर सस्पेन्शन १.७० लाख, दोन लिथियम बॅटऱ्या, इन्व्हर्टर आणि सोलर २.१० लाख, छतावर दीड टनी एसी २ लाख. एकूण ५.८० लाख. पेन्शन ५२ हजार, घरखर्च ३८ हजार. पोस्टात ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत २० लाख आहेत, त्याला दीड वर्ष झालं. व्याज बचत खात्यात साठतं. आजारपणासाठी ६ लाखांची एफडी वेगळी. पोस्टातले पैसे काढावेत की सौ.च्या सोन्यावर कर्ज घ्यावं? सौ. म्हणते, गाडीच विकून टाका.

उत्तर : सर, मॅडमचं म्हणणं तुम्ही शेवटच्या ओळीत उरकलंत. हिशेब मात्र त्यांच्याकडे जास्त झुकतो, म्हणून तिथूनच सुरू करतो.

हे ५.८० लाख पोस्टातून काढलेत, तर तिथल्या ८.२ टक्क्यांनी त्यांचं वर्षाचं व्याज होतं ४७,५६० रुपये. ते गेलं. बसवलेला माल आठ वर्षं टिकला असं धरलं, तरी दरवर्षी ७२,५०० रुपयांची झीज. दोन्ही मिळून १ लाख २० हजार. भागिले चाळीस रात्री, म्हणजे रात्रीला तीन हजार. यात डिझेल नाही, विमा नाही, गाडीत अडकलेले ११ लाख तर नाहीतच. तीन हजारांत बऱ्याच ठिकाणी बरी एसी खोली मिळते आणि सकाळचा चहा दुसरं कोणी तरी करतं. शिवाय उद्या गाडी विकायला काढलीत, तर गिऱ्हाईक मॉडेल आणि किलोमीटर बघणार. लिथियम बॅटरीचे वेगळे पैसे कोणी मोजून देत नाही.

पोस्टाला हात लावू नका. या योजनेतून थोडी रक्कम काढता येत नाही, पूर्ण खातं बंद करावं लागतं. एक वर्ष झालंय पण दोन झालेली नाहीत, म्हणून मुदलातून दीड टक्का कापला जाईल. २० लाखांवर ३० हजार. ही रक्कम गुंतवताना प्राप्तिकरात ८०सी खाली वजावट घेतली असेल, तर तेवढी रक्कम पुन्हा उत्पन्नात धरली जाईल, ते वेगळंच. (एकाच्या जागी पाच-पाच लाखांची चार खाती उघडली असती, तर एखादं मोडता आलं असतं. पोस्टात हे चालतं, पण काउंटरवर आपणहून कोणी सांगत नाही.) सोन्यावर कर्ज काढून एसी बसवायचा, हे तर मॅडमसमोर मोठ्याने वाचूनसुद्धा बघू नका.

आता कोटेशनकडे येतो. तुम्ही तीन दुखणी सांगितलीत, त्यांनी तीन बिलं दिली. माझ्या मते तुमच्या गाडीचं दुखणं एकच आहे आणि ते म्हणजे वजन. तुम्ही पाठवलेल्या फोटोंत मागच्या चाकांच्याही मागे पाण्याची टाकी दिसते, बहुधा दीडशे लिटरची; भरली की दीडशे किलो. तिच्या शेजारी घरगुती इन्व्हर्टरला लावतात तशा दोन ट्युब्युलर बॅटऱ्या, एकेक पन्नास-साठ किलोची. वर जाड प्लायवूडची कपाटं. अशा गाडीचे कमानपाटे बसणारच. एअर सस्पेन्शनने गाडी उचललेली दिसेल, पण अ‍ॅक्सल (चाकांचा आस) आणि ब्रेक किती वजनासाठी बनवलेत ते त्याने बदलत नाही. दीड-पावणेदोन लाख घालून आपण फक्त लक्षण झाकतो.

म्हणून पहिला खर्च वजनाच्या पावतीचा, तोही किरकोळ. डिझेल, पाणी, गॅस, भांडीकुंडी सगळं भरा, दोघं बसा आणि मार्केट यार्डाकडे कांद्याच्या गाड्या लागतात त्या काट्यावर न्या. (डिसेंबर-जानेवारीत नको, आवक जोरात असते, रांगेतच दुपार होईल.) आधी पूर्ण गाडीचं वजन घ्या, मग फक्त पुढची चाकं चढवून, मग फक्त मागची. एकूण आकडा आरसीवरच्या, म्हणजे गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावरच्या, एकूण वजनाशी ताडून बघा.

आरसी हातात आहेच तर गाडीचा प्रकारही वाचा. आधीच्या मालकाने आतला बदल आरटीओत नोंदवला नसेल, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा प्रश्न उभा राहतो आणि अपघातानंतर विमा कंपनी नेमकं तेच पान उघडते. ते निस्तरेपर्यंत गाडीत एक रुपयाही घालू नका. निस्तरण्यासारखं नसेल, तर मॅडमचा सल्ला खरा, विकून मोकळे व्हा.

आरसी नीट निघाली असं धरून पुढे जातो. पहिलं काम बॅटरीचं, कारण त्याने दोन दुखणी एकदम हलकी होतात. दोन ट्युब्युलर काढून २०० अँपिअर-अवरची एकच लिथियम (लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजे एलएफपी प्रकारची) बॅटरी बसवा. ती पंचवीसेक किलोची असते, त्यामुळे मागच्या अ‍ॅक्सलवरचे ऐंशी-नव्वद किलो तिथेच उतरतात. ट्युब्युलर निम्म्याखाली उतरवत गेलं की लवकर मरते, लिथियम ऐंशी-नव्वद टक्के बिनघोर वापरता येते. दिवे, पंखे, छोटा फ्रीज, मोबाइल यांना रात्रभर पुरेल. मात्र ती अल्टरनेटरला, म्हणजे इंजिनावर चालणाऱ्या वीज जनित्राला, थेट जोडू देऊ नका. लिथियम करंट ओढते ती सपाटून, त्यात अल्टरनेटर तापून जळतो. मध्ये करंटला लगाम घालणारा डीसी-टू-डीसी चार्जर हवाच, आणि बॅटरीला लागूनच योग्य अँपिअरचा फ्यूज. आधीच्या मालकाची वायरिंग एकदा पूर्ण उघडून बघायला लावा. जिथे टेप गुंडाळून जोड दिलेत तिथेच आग लागते. हे सगळं धरून १ लाख ५ हजार.

त्यानंतर पाटे. टाकी पुढे सरकवता येते का ते आधी विचारा. मग ट्रकची कामं करणाऱ्या चांगल्या पाटेवाल्याकडून पाट्यांना पुन्हा कमान काढून घ्या, बुश, यू-बोल्ट आणि शॉकअप नवे टाका. ३५ हजारांत बसायला हवं. त्याच दिवशी टायरच्या कडेवरचे चार आकडे वाचा : २२१९ म्हणजे २०१९ चा बाविसावा आठवडा. मोटरहोम उभीच जास्त असते, त्यामुळे नक्षी कोरी करकरीत दिसते आणि रबर मात्र आतून तडकलेलं असतं. सहा वर्षांहून जुने टायर असतील, तर एसीच्या आधी ते बदला. कोटेशनमध्ये टायरचा उल्लेखच नाही, याचं मला नवल वाटलं.

आणि एसी. दीड टनाचा एसी साधारण दीड किलोवॉट खातो. कोटेशनमधल्या दोन २०० अँपिअर-अवरच्या बॅटऱ्यांत मिळून पाच किलोवॉट-तास मावतात, इन्व्हर्टरची घट धरून हाती लागतात चारेक. कॉम्प्रेसर थांबत-चालत राहिला तरी तीन-चार तासांत खेळ खल्लास. म्हणजे ५.८० लाख घालूनही मे महिन्यात रात्री दोनला तुम्ही घामाघूम उठणार. आणि हे सगळं वर्षातल्या सहा-सात रात्रींसाठी! चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला.

त्याऐवजी आहे तो एसी दुरुस्त करा. कंडेन्सर साफ करून, गळती तपासून मगच गॅस भरायला सांगा. गळती न शोधता गॅस भरणारा पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा बिल फाडतो. छताला आतून इन्सुलेशन आणि काचांना परावर्तक पडदे लावा. सोलापूरच्या उन्हात पत्रा तापतो तो थांबवणं हे गारवा विकत घेण्यापेक्षा स्वस्त पडतं. सगळं ३५ हजारांत. उन्हाळ्यातल्या मुक्कामी शक्यतो होमस्टेच्या आवारात गाडी लावा, म्हणजे टेबल पंख्याला तरी त्यांच्या प्लगवरून वीज मिळेल.

एकूण झाले १ लाख ७५ हजार. पोस्टाचं तिमाही व्याज ४१ हजार, दोन तिमाहींचं ८२ हजार. पेन्शनमधून महिना १४ हजार उरतात, सात महिन्यांत ९८ हजार. कर्ज नाही, मोडतोड नाही, एफडी जागच्या जागी. पुढच्या तिमाहीला बॅटरी, त्यानंतरच्या तिमाहीत पाटे, एसीचं काम होळीच्या आधी. पक्की बिलं घ्या, जीएसटी लागला तरी. बिल असेल तरच नव्या विद्युत उपकरणांची किंमत विम्यात नोंदवून घेता येते, आणि न नोंदवलेल्या वस्तूची भरपाई मिळत नाही. काम संपलं की महिना तीन हजारांची आरडी फक्त गाडीच्या नावाने लावा.

वजनाची पावती आणि आरसीच्या दोन्ही बाजूंचा फोटो मला पाठवा. मागच्या चाकांवरचं वजन मर्यादेबाहेर निघालं, तर टाकी शंभर लिटरची करायची की कपाटं काढायची हे मॅडमना विचारून ठरवू.