स्वातंत्र्य मिळालं तेव्हा आपले नेते खरंच तरुण होते का?

तुम्ही विचारलंय की देश उभा करणारे नेते तरुण होते आणि आजचे म्हातारे, हे कितपत खरं? मंत्रिमंडळापुरतं ते खरं नाही. लोकसभेच्या बाबतीत मात्र बरंच खरं आहे.

आधी वय काढायची पद्धत. एकच तारीख धरा, 15 ऑगस्ट 1947, ज्या दिवशी पहिलं मंत्रिमंडळ सत्तेवर आलं. नुसती सालं वजा केली की हमखास चूक होते, कारण वाढदिवस त्या तारखेनंतर येत असेल तर एक वर्ष कमी करावं लागतं. नेहरूंचा जन्म 14 नोव्हेंबर 1889चा, म्हणून ते 57 वर्षांचे, 58 नव्हे. पटेल (31 ऑक्टोबर 1875) 71 वर्षांचे. राजेंद्रप्रसाद 62, मौलाना आझाद 58, बाबासाहेब 56, काकासाहेब गाडगीळ 51. चाळिशीच्या आतले दोघंच, जगजीवनराम (39) आणि कुंवरजी भाभा (37). नेहरूंसह चौदा जणांची सरासरी मी काढली, ती 53 ते 54च्या दरम्यान येते. म्हणजे पहिलं मंत्रिमंडळ पन्नाशी ओलांडलेलंच होतं.

मग ते तरुण वाटतात कशामुळे? आपल्या डोळ्यासमोर त्यांचं चळवळीतलं वय असतं. आझाद 1923 साली काँग्रेसचे अध्यक्ष झाले तेव्हा 34 वर्षांचे होते. काँग्रेसच्या लाहोर अधिवेशनात अध्यक्ष झाले तेव्हा, 1929 साली, नेहरू 40 वर्षांचे होते आणि हरिपुऱ्याला, 1938 साली, सुभाषबाबू 41 वर्षांचे. नेतृत्व तरुणपणीच मिळालं होतं, सत्ता यायला मात्र दोन दशकं गेली, आणि नेहरूंची त्यातली कितीतरी वर्षं तुरुंगात गेली. म्हणून आंदोलक नेत्याची तुलना आजच्या मंत्र्याशी करू नये, पदाची तुलना पदाशीच करावी. तशी केली तर पंतप्रधानपदाची शपथ घेताना नेहरू 57 वर्षांचे होते आणि नरेंद्र मोदी (26 मे 2014) 63 वर्षांचे. आणि नेहरू पदावर असतानाच, 1964 साली, वयाच्या 74व्या वर्षी गेले, हेही विसरायला नको.

'तेव्हा सरासरी आयुर्मानच 32 वर्षं होतं, म्हणजे पन्नाशीचा माणूस म्हातारा' हा युक्तिवाद वारंवार दिसतो, तो चुकीचा आहे. ते आयुर्मान जन्मापासून मोजलेलं असतं. लहान मुलं मोठ्या संख्येनं दगावत, म्हणून आकडा इतका खाली येई. बालपण पार केलेला माणूस त्याहून बराच जास्त जगू शके.

लोकसभेची गोष्ट वेगळी, आणि मला काळजी वाटते ती तिथली. संविधान सभेशी तिची तुलना करू नका. त्या सभेचे सदस्य प्रांतिक विधानसभांनी निवडलेले किंवा संस्थानांतून आलेले होते. पहिल्या लोकसभेशी करा, आणि वय निवडून येतानाचंच घ्या. मुदत संपतानाचं घेतलं तर सरासरी आपोआप पाचेक वर्षांनी फुगते. 1952 साली ही सरासरी 46.5 होती, 2024 साली 56. सरासरीपेक्षाही बोलका आकडा तरुणांचा आहे: पहिल्या लोकसभेत चाळिशीच्या आतले खासदार सुमारे 26 टक्के होते, अठराव्या लोकसभेत सुमारे 11 टक्के. कायद्याची अट तीच राहिली आहे, संविधानाच्या अनुच्छेद 84 नुसार 25 वर्षं पूर्ण. अडचण पक्षाच्या तिकिटाशी आहे.