जुनी टर्बो डिझेल गाडी चढावर ओढत नाही. टर्बोच गेला असेल का?

तुम्ही लिहिलंय की गाडी १५ वर्षांची आहे, सपाट रस्त्यावर बरी चालते, पण चढ लागला की पिकअप जातो, आणि मेकॅनिकने काहीही न उघडता टर्बो (इंजिनात जास्त हवा दाबून भरणारा पंखा) बदलायला सांगितलं आहे. कृपा करून थोडं थांबा. माझ्या गाडीला हेच झालं होतं. सांगितल्याप्रमाणे मी टर्बो बदलला आणि गाडी होती तशीच राहिली. दोष निघाला इंटरकूलरच्या (टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) खालच्या रबरी होजमध्ये. होजच्या खालच्या अंगाला चीर होती. इंजिन बंद असताना ती मिटलेली असायची आणि आत दाब आला की उघडायची. होज काढून हाताने वाकवली तेव्हा दिसली.

सगळ्यात आधी धूर बघा. चढावर पेडल पूर्ण दाबलेलं असताना मागच्या गाडीतून कोणाला तरी सायलेन्सरकडे लक्ष ठेवायला सांगा. जुन्या डिझेल इंजिनात पेडल दाबल्यावर हवा वाढत नाही, डिझेल वाढतं. हवा कमी पडली की जास्तीचं डिझेल अर्धवट जळतं आणि काळा धूर निघतो. डिझेलच कमी पडत असेल तर धूर नाही आणि ताकदही नाही. म्हणजे काळा धूर असेल तर हवेच्या बाजूने शोधायचं, धूर नसेल तर डिझेलच्या बाजूने. एक अपवाद मात्र लक्षात ठेवा. गाडीला ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) आणि हवा मोजणारा सेन्सर असेल, तर हवा कमी दिसताच ईसीयू स्वतःच डिझेल कमी करतो, त्यामुळे हवेचा दोष असूनही धूर दिसत नाही. अशा गाडीला आधी ईसीयूमधले दोष वाचणारा स्कॅनर लावा.

हवेची बाजू तपासताना सुरुवात एअर फिल्टरपासून करा, पण तिथेच थांबू नका. फिल्टर ते टर्बो हा पाइप जुना झाला की मऊ पडतो आणि जोरात हवा ओढली जाताना आतल्या आत चपटा होतो. उभ्या गाडीत तो धडधाकट दिसतो. टर्बोच्या पुढच्या होजवर बाहेरून तेलकट काळे ओघळ आणि त्यावर चिकटलेली धूळ दिसली, तर तिथून हवा निसटते आहे असं समजा. होजच्या आत मात्र थोडं तेल असणं नेहमीचंच आहे. ते बहुतेक वेळा क्रॅंककेसच्या ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) येतं, तेवढ्यावरून टर्बोला दोष देऊ नका. टर्बोचा दाब आटोक्यात ठेवणाऱ्या झडपेच्या (वेस्टगेट) किंवा हलत्या पात्यांच्या (व्हीजीटी) ॲक्चुएटरकडे, म्हणजे त्या हलवणाऱ्या डबीकडे, जाणाऱ्या बारीक नळ्या उष्णतेने कडक होऊन तडकतात, त्या एकेक काढून बघा. ईजीआर व्हॉल्व्ह (सायलेन्सरकडचा थोडा धूर परत इंजिनात सोडणारी झडप) काजळीने उघडा अडकला तरी इंजिनात ताज्या हवेऐवजी जळका धूर परत जातो आणि लक्षणं अगदी टर्बो गेल्यासारखीच दिसतात.

बूस्ट, म्हणजे टर्बोने तयार केलेला हवेचा दाब, मोजल्याशिवाय टर्बोबद्दल काहीच ठरवू नये, असं माझं ठाम मत आहे. इनटेक मॅनिफोल्डच्या (सिलिंडरना हवा वाटणाऱ्या भागाच्या) नळीला टी आकाराचा जोड लावून साधा प्रेशर गेज लावता येतो. लांब नळीने गेज केबिनमध्ये आणा आणि तिसऱ्या गिअरमध्ये चढावर पूर्ण पेडल देऊन, शेजारच्याला वाचायला सांगा. जुन्या इंजिनांत साधारण ०.७ ते १ बार दिसतो, नेमका आकडा तुमच्या मॅन्युअलमध्ये असेल. उभ्या गाडीत न्यूट्रलवर रेस करून टर्बो तपासता येत नाही, कारण लोड नसेल तर बूस्ट जवळजवळ तयारच होत नाही.

आता डिझेलची बाजू. डिझेल फिल्टर कधी बदलला ते आठवत नसेल तर आधी तो बदला आणि त्याच्या तळाचं पाणी काढा. त्यानंतरही फरक नसेल तर फिल्टर ते पंप या लाइनमध्ये डिझेलला टिकणाऱ्या पारदर्शक नळीचा छोटा तुकडा जोडा. बुडबुडे सतत येत असतील तर लाइन कुठेतरी एअर घेते आहे. सकाळी स्टार्टिंगला त्रास होत असेल तर हा संशय पक्का होतो. टाकीचं झाकण सैल करून बघा. फुस्स आवाज आला आणि गाडी पुन्हा ओढायला लागली, तर टाकीचा ब्रीदर बंद आहे. मेकॅनिकल (ईसीयूशिवाय चालणारा) डिझेल पंप असेल तर सगळ्यात खात्रीची चाचणी म्हणजे इंजिन स्वच्छ डिझेलच्या कॅनवर चालवणं. सप्लाय आणि रिटर्न दोन्ही नळ्या कॅनमध्ये सोडा आणि कॅन घट्ट बांधा. त्यावर ताकद परत आली तर दोष टाकी, तिच्या आतली जाळी किंवा जुनी लाइन यांत आहे, पंपाला हात लावायची गरज नाही.

टर्बो गाडीच्या बऱ्याच मेकॅनिकल पंपांवर बूस्टच्या दाबाने डिझेल वाढवणारा एक डायफ्रॅम (रबरी पडदा) असतो. तो किंवा त्याची नळी फाटली तर बूस्ट नीट असूनही डिझेल वाढत नाही. गेजवर दाब चांगला, धूर नाही आणि तरी दम नाही असं असेल, तर आधी हेच बघा.

ॲक्सिलरेटरची केबल ढिली नाही ना, म्हणजे पेडल तळाला टेकल्यावर पंपावरचा लिव्हर शेवटपर्यंत जातो ना, हे दोन मिनिटांत बघून होतं. आरपीएम वाढतो पण वेग वाढत नाही, तर क्लच घसरतो आहे.

गाडी कॉमन रेल (सगळ्या नोझलना एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल देणारी) असेल तर नोझलचे पाइप सैल करून सिलिंडर तपासायची जुनी पद्धत अजिबात वापरू नका. तिथे दाब १००० बारच्या वर जातो आणि डिझेलची बारीक धार कातडी भेदून आत शिरते.

एवढं करूनही बूस्ट कमी असेल तर इंजिन थंड असताना पाइप काढून टर्बोचा शाफ्ट बोटाने हलवा. आडवी किंचित हालचाल चालते. मागे-पुढे हालचाल जाणवली किंवा पाती हाउसिंगला घासल्याच्या खुणा असल्या, तर टर्बो खरंच गेलेला आहे. निळा धूर येत असेल आणि तेल झपाट्याने कमी होत असेल तर तशी गाडी चालवत राहू नका. टर्बोतून आलेल्या तेलावर डिझेल इंजिन चावी बंद केली तरी धावत सुटू शकतं. टर्बो बदलावा लागलाच, तर तो का गेला हे आधी शोधा. बहुतेक वेळा ऑइलचा पुरवठा नीट झालेला नसतो. म्हणून ऑइल फीडचा पाइप नवा घाला, रिटर्न पाइप साफ करा, ऑइल आणि फिल्टर बदला, आणि पहिल्यांदा स्टार्ट करण्यापूर्वी टर्बोच्या ऑइलच्या तोंडात स्वच्छ ऑइल ओता.