आरएस-४८५ बोर्डावर रेझिस्टर जोडताना
आरएस-४८५ म्हणजे दोन तारांमधल्या व्होल्टेजच्या फरकातून डेटा पाठवण्याची पद्धत. टर्मिनेशनसाठी, म्हणजे टोकावरून सिग्नल परत उलटू नये यासाठी, केबलच्या दोन टोकांनाच दोन तारांमध्ये प्रत्येकी एक १२० ओमचा रेझिस्टर जोडावा. अनेक तयार बोर्डांवर तो आधीच बसवलेला असतो आणि मधल्या बोर्डांवरही तसाच राहिल्यास ड्रायव्हरवर (सिग्नल पाठवणाऱ्या चिपवर) विनाकारण भार पडतो, म्हणून वीजपुरवठा बंद ठेवून दोन तारांमधला रोध मोजावा. दोन्ही टोकांचे रेझिस्टर समांतर असल्याने तो सुमारे ६० ओम असावा.

बायसकडे, म्हणजे कोणी डेटा पाठवत नसताना तारांची स्थिती निश्चित ठेवणाऱ्या रेझिस्टरांकडे, मात्र नवखे लोक हमखास दुर्लक्ष करतात. कोणताही ड्रायव्हर चालू नसताना तारांमध्ये किमान २०० मिलिव्होल्टचा फरक हवा. ५ व्होल्टवर नॉन-इन्व्हर्टिंग (सिग्नल सरळ नेणाऱ्या) तारेपासून पुरवठ्याकडे आणि इन्व्हर्टिंग (सिग्नल उलटा नेणाऱ्या) तारेपासून ग्राउंडकडे प्रत्येकी ५६० ओम लावल्यास सुमारे २५४ मिलिव्होल्ट मिळतात. ही जोडी एकाच ठिकाणी लावावी. कोणती तार कोणती हे ओळखताना बोर्डावरच्या 'ए' आणि 'बी' या खुणांवर विसंबू नये, कारण निर्मात्यागणिक त्या उलट असू शकतात.